फुफ्फुसाचा तुकडा

परवा रोशनीनं रेझिनमध्ये हार्डनर टाकलं, बुडबुडा येऊ न देता ढवळलं आणि खाणीच्या धुळीनं मेलेल्या धनराजच्या फुफ्फुसाचा कणभर तुकडा त्यात बुडवून घट्ट व्हायला भट्टीत ठेवला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा होता. आज ती तो बाहेर काढते, तर लॅबच्या दारात धनराजची माय, रुखमाबाई. तुकडा कापताना या बाईला विचारायची गरज एकाही साहेबाला वाटली नव्हती. रोशनीची मान खाली गेली.

“बाई, वापस नाई देता येत. त्याचा काचेसारखा खडा झाला. आता तो कधीच सडणार नाई.”

“वापस कोण मांगते?” रुखमाबाई हळूच म्हणाली. “राख वैनगंगेत सोडली, तरी परवापासून तो घरी येऊन बसला हाये. पर नुसता खोकते, बोलत नाई. पोरी, जिभेचा तुकडा ठेवला असंल, तर त्याचाबी खडा कर ना.”