खालच्या बागेतली साल

"यंदा घरटी एकच माणूस," कुरियनसाहेब म्हणाले. "निम्मी झाडं म्हातारी झाली, तोडली. नवरा नाहीतर बायको. दोघं नाहीत."

पिंपळनेरच्या स्टँडमागं चहाच्या टपरीवर ते वही उघडून बसले होते, भोवती गावची माणसं. दर वर्षी दसऱ्याआधी ते दोडामार्गाहून येत आणि तिथल्या रबराच्या बागांसाठी माणसं घेऊन जात. भटू आणि शेवंता सहा वर्षं जोडीनं जात होती. पहाटे झाडाची साल तिरपी कापायची, खाली वाटी बांधायची, भरलेला चीक गोळा करायचा. वरची बाग भटूची, खालची शेवंताची. वहीत मात्र नाव एकट्या भटूचं. शेवंता नुसती 'सोबत'.

भटूचा हात चपळ. उजाडायच्या आत तीनशे झाडं उरकून तो विडी ओढत बसे. शेवंताचं आठ वाजले तरी चाललेलंच. पातं लाकडाला लागलं की झाड कायमचं दुखावतं, तिथं गाठी येतात, म्हणून ती कांद्याच्या पापुद्र्याएवढीच साल काढायची. "मनी गोगलगाय," माझी गोगलगाय, म्हणून भटू चारचौघांत हसवायचा. तीही हसायची.

कुरियनसाहेबांनी मोबाइल पुढं केला. फोटोत एक खोड होतं, गाठीगाठींनी सुजलेलं.

"एका बागेत हे असं झालंय. दुसरीत साल तळहातासारखी गुळगुळीत भरून आलीय. कोण कुठं कापत होतं?"

फोटोत खोडामागं पाण्याची टाकी होती. टाकी वरच्या बागेत. शेवंताला ती लगेच दिसली. पण गावच्या माणसांसमोर नवऱ्याला मान खाली घालायला लावायला तिचं मन धजेना.

भटूनं फोटोकडं धड पाहिलंही नाही. त्यानं शेवंताकडं बोट केलं.

"खालनी बाग इनी शे, साहेब. बाईमानूसना हात, काय सांगू! वरनी मनी."

"नक्की?"

"नक्की. इचारा तिले."

 कुठली बाग कुणाची, यात खोटं असं काहीच नव्हतं.

"हां," ती म्हणाली. "खालनी मनी."

कुरियनसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. भटूच्या नावावर रेघ ओढली आणि तिथंच शेवंताचं पूर्ण नाव लिहिलं.

"गाठी वरच्या बागेत आहेत, भटूभाऊ," ते म्हणाले. मग तिच्याकडं वळले. "बाई, आठ नवी माणसं घेतोय. त्यांना कापायला तुम्ही शिकवायचं. याल?"

भटूच्या हातातला चहा हातातच राहिला. टपरीवर कुणी हसलं नाही.

शेवंतानं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा वहीकडं.

"येसू," ती म्हणाली. "पन शिकनारा आठ नही, साहेब. नऊ लिखा. पयलं नाव यासनं."