उसन्या पिशव्या

वृंदाने गाठोडं दुकानाच्या काउंटरवर ठेवलं आणि गाठ सोडली. आत पिशव्या होत्या. माई गेल्यापासून अंबरनाथच्या घरी मशीनवर बसून तिने त्या शिवल्या होत्या, माईच्याच साड्यांच्या.

"झाल्या एकदाच्या," ती धाकट्या भावाला म्हणाली. "बंद दुहेरी घातलेत. तांदूळ भरला तरी उसवायच्या नाहीत."

गुरुदत्तने पिशव्यांकडे पाहिलं, मग तराजूकडे. "छान झाल्यात, ताई."

कुळगावातल्या या किराणा दुकानाची रीत त्यांच्या आईने, माईने घातलेली. पिशवी विसरून आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानातली पिशवी उसनी मिळायची. पुढच्या खेपेला ती धुऊन परत यायची. विरली की माई दुसरी शिवायची, आपल्या एखाद्या जुन्या साडीची.

वृंदा पिशव्या खुंटीवर अडकवायला वळली. खुंटीला जागाच नव्हती. तिथे पांढऱ्या कॅरीबॅगांची जाड चळत लटकत होती. खाली फळीवर आणखी गठ्ठे होते, दोरीही न सोडलेले.

"हे कधीपासून?"

"गणपतीपासून. उल्हासनगरला किलोवर मिळतात, एकदम स्वस्त. आता कोण पिशवी घेऊन बाहेर पडतं? नाही दिली तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जातं."

"गणपतीत माई होती."

"अंथरुणावर होती, ताई. तिला कुठे कळणार होतं?"

वृंदाने हातातल्या पिशव्या परत गाठोड्यात ठेवल्या. मग म्हणाली, "साड्यांची ट्रंक तू आणून दिलीस. दुकानात पिशव्या संपल्यात म्हणालास. चिंतामणी रंगाची ती एक ठेवून घेऊ का, विचारलं मी तुला. तर म्हणालास, तीही काप."

गुरुदत्तने तराजूचं रिकामं पारडं फडक्याने पुसलं.

"तू जेवत नव्हतीस. भावोजी घाबरले होते. आमची मालिनी म्हणाली, ताईंच्या हाताला काहीतरी काम द्या, त्यात मन रमेल." त्याने मान वर केली. "आणि रमलंच की नाही?"

तेवढ्यात मागच्या चाळीतल्या पद्मजावहिनी आल्या. साखर, तूरडाळ, चहा. गुरुदत्तने बहिणीकडे न बघता गाठोड्यातली वरची पिशवी ओढली आणि सामान तिच्यात भरलं.

"अय्या, ही नको हो भाऊ," वहिनी हसल्या. "ही परत आणून द्यावी लागते. ती फेकायची असते ना, ती द्या."

गुरुदत्तने चळतीतली एक कॅरीबॅग ओढली, फुंकर मारून उघडली आणि सामान तिच्यात घातलं. वहिनींनी रिकामी झालेली पिशवी दोन बोटांत चोळून पाहिली.

"कापड मात्र काय मऊ आहे! ओटा पुसायला एक नेऊ का?"

वृंदाने वहिनींच्या हातातली पिशवी काढून घेतली. गाठोड्यात हात घालून तळाची, रंग उडालेली एक शोधून काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

"ही न्या," ती म्हणाली. "ही जास्त धुतलेल्या साडीची आहे. पाणी चांगलं टिपेल."