वरचा पैलवान

हौसरावांनी हार वर उचलला आणि हात तिथेच थांबला. फोटोतला वरचा पैलवान ते स्वतः होते.

चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. खाली एक गडी उताणा, दोन्ही खांदे मातीला लागलेले. वरच्यानं त्याला छातीनं दाबून धरलेलं. तोंड एकाचंही दिसत नव्हतं, पण वरच्याच्या डाव्या दंडावर ताईत होता. आईनं बांधलेला तो ताईत आत्ताही हौसरावांच्या सदऱ्याच्या बाहीखाली होता. जिवंतपणी आपल्याच फोटोला हार घालायची पाळी फार थोड्यांवर येते.

"घाला की आबा, लाजताय काय!" तालमीचे पोपटराव मागून म्हणाले. हौसरावांनी हार घातला. दुसरं करणार काय?

बिरदेव पैलवानाला जाऊन वर्ष झालं होतं. इनामगावच्या तालमीत त्याच्या चाहत्यांनी स्मृतिदिन ठेवला होता, पण दुःखी चेहरा शोधून सापडला नसता. बाहेर जिलेबीची कढई तापली होती. हलगी कडाडत होती. जो तो बिरदेवाची एखादी कुस्ती सांगत होता आणि सांगता सांगता शेजारच्याची मानगूट धरून डाव करून दाखवत होता. दोघांच्या टोप्या पडल्या, एकाचा चष्मा गेला. बिरदेव असता तर पोट धरून हसला असता.

हौसरावांना दौंडहून मुद्दाम बोलावणं गेलं होतं, ते हरलेला गडी म्हणून. त्रेसष्ट सालच्या यात्रेत बिरदेवानं त्यांना चीत केलं आणि तिथून बिरदेवाचं नाव झालं, असं सगळा तालुका सांगायचा. खरी गोष्ट हौसरावांना ठाऊक होती. त्यांनी बिरदेवाची पाठ लावली होती, स्वच्छ लावली होती. पण त्याच झटक्यात दोघे गडगडत उलटले, लोक आखाड्यात घुसले, धुरळा उडाला आणि पंच वाकले तेव्हा बिरदेव वर होता. मानाचा गुलाबी फेटा त्याच्या डोक्यावर गेला. हौसराव ओरडून ओरडून सांगत होते. बिरदेव मात्र लोकांच्या खांद्यावर बसला, खाली मान घालून, आणि एक शब्द बोलला नाही. पस्तीस वर्षं हौसरावांनी ही हकीकत पारावर सांगितली. लोक ऐकून घ्यायचे आणि एकमेकांना डोळा मारायचे. घरच्यांनी तर ऐकणंसुद्धा सोडलं होतं.

आणि आज पुरावा समोर टांगलेला होता, हार घालून, उदबत्ती लावून!

पोपटरावांनी माईक घेतला. "ह्यो फोटो बिरदेवआप्पांनी पस्तीस वर्षं घरात स्वतःच्या अंथरुणासमोर लावला व्हता. रोज सकाळी उठून पयलं ह्याचं दर्शन! म्हाळसावैनींनी आजच्यापुरता दिलाय. बघा, वाघ कसा बसलाय छातीवर! आन् खालचे पावणे आज आपल्यात हायेत. या आबा, दोन शब्द बोला."

हशा पिकला. टाळ्या पडल्या. हौसरावांची कानशिलं तापली. ते तरातरा उठले, माईक हातात घेतला आणि डाव्या हाताची बाही वर सारायला लागले. एक ताईत दाखवला की काम झालं असतं. पस्तीस वर्षांचा हिशेब एका क्षणात चुकता.

समोर सगळी तालीम बसली होती. पुढच्या रांगेत बिरदेवाची बायको म्हाळसाबाई मांडीवर एक गाठोडं घेऊन बसली होती आणि एकटक त्यांच्या बाहीकडे बघत होती. हौसरावांची नजर फोटोतल्या खालच्या गड्यावर गेली. काय ताकदीचा माणूस होता! त्याला खाली घेताना आपली फासळी तडकली होती, महिनाभर श्वास दुखत होता. आता याच्याशी पुन्हा कुस्ती धरायची तरी कशी? सलामीला हात द्यायला तो उठणार थोडाच. हौसरावांना एकदम फार वाईट वाटलं, आणि आपल्याला बिरदेवाची आठवण येतेय हे पाहून नवलही वाटलं.

त्यांनी बाही खाली ओढली.

"वरच्याचं काय सांगू? त्याला त्या दिवशी नशिबानं हात दिला," ते म्हणाले. "पण खालचा गडी लई भारी व्हता. तसला पैलवान म्यां पुन्हा बघितला न्हाई."

तालीम खदखदून हसली. "पडलं तरी आबांचं नाक वरच!" कुणीतरी ओरडलं. हौसरावही हसले. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना हलकं वाटत होतं.

तेवढ्यात म्हाळसाबाई उठली. फोटोपाशी जाऊन तिनं गाठोडं सोडलं. आत एक जुना गुलाबी फेटा होता. घड्यांवर रंग विटला होता. हलगी आपोआप थांबली.

"वैनी, आप्पांचा फेटा?" पोपटराव गडबडले. "फोटोला बांधायचा का?"

"ह्यांनी यात्रेतनं आल्यावर जो काढून ठिवला, तो पुन्हा डोक्याला लावला न्हाई," म्हाळसाबाई हौसरावांकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "भावजी, मान खाली घ्या. ह्यो वरच्या पैलवानाचा हाय."