वरच्या मजल्यावर पाच जणी

येळवशीचा सण होता, त्यामुळं अख्खं लातूर शेतात जेवायला गेलेलं. अभ्यासिकेत वरच्या मजल्यावर मंजुश्री एकटीच. नोकरीच्या परीक्षेचा अर्ज आज गेला नाही, तर वर्ष वाया.

तिथलं फुकटचं वायफाय एका लॅपटॉपला तासभरच मिळायचं. तास संपला की मंजुश्री लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता बदलायची, आणि बिचाऱ्या वायफायला वाटायचं, नवीन पोरगी आली. दुपारपर्यंत अशा चार पोरी आल्या.

खाली मालक बसवराजमामांनी आपल्या स्क्रीनवर वायफायची यादी बघितली आणि ते ओरडले, "वर पाच जणी हायत का गं?"

"हाव मामा, लई गर्दी हाय!" ती खिदळली.

शेवटचं बटण दाबायचं राहिलं आणि तास संपला. तिनं पुन्हा पत्ता बदलला. स्क्रीनवर आलं, 'वायफायच्या पाचही जागा भरल्या आहेत.'

मंजुश्रीनं रिकाम्या खोलीला हात जोडले. "बायांनो, एकीनं तरी उठा की!"

मागं खुर्ची सरकली.

वायफाय लागलं. अर्ज गेला. ती आनंदानं टाळी वाजवणार, तोच खाली जिन्यात कुणाला तरी थांबवणारा मामांचा आवाज आला.

"एकटीच निघालीस व्हय गं, मैत्रिणींना सोडून? थांब, येळवशीची भज्जी तरी खाऊन जा."