घारीच आहेत

"भावजी, त्या घारीच आहेत ना?"

वहिनीनं दुर्बीण धाकट्या दिराच्या हातात कोंबली. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ओल्या कपड्यांची बादली तशीच टाकून ती खाली जाऊन त्याला त्याच्या दुर्बिणीसकट वर घेऊन आली होती. वसाहतीच्या पलीकडे, बंद पडलेल्या खडीच्या खाणीवर मोठे पक्षी घिरट्या घालत होते.

तिचा नवरा भांडून, फोन घरीच टाकून निघून गेला त्याला आठवडा होत आला होता. शोधून शोधून सगळ्यांच्या पायांचे तुकडे पडले होते. खाणीचं नाव मात्र घरात कुणी काढलं नव्हतं.

"घारीच असणार," तो म्हणाला. "खाटकाच्या दुकानातली घाण तिकडेच टाकतात."

घार ओळखणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. शेपटीला मधोमध खाच दिसली की घार, विषय संपला. त्याच्या या वेडाची घरात थट्टा व्हायची. स्वतःच्या लग्नातही हा आभाळाकडेच बघत होता, असं थोरला भाऊ चारचौघांत सांगायचा. त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली.

खाच नव्हती. शेपटी आखूड, पंख फळीसारखे रुंद, त्यांची टोकं बोटांसारखी फाकलेली. पंख न हलवता नुसते तरंगत होते. गिधाडं! या भागातून ती कधीच नाहीशी झाली होती. जन्मात एकदा तरी दिसावीत म्हणून त्यानं कुठे कुठे पायपीट केली होती, आणि आज घरच्या गच्चीवरून! त्याला आनंद झाला, अगदी लहान मुलासारखा. त्यातलं एक खाली उतरायला लागलं.

ते कशावर उतरतंय, हे तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात शिरलं. मेलेलं जनावर असेल, त्यानं मनाला बजावलं. दुर्बीण खाली घेताना त्यानं आवाज सांभाळला.

"घारीच आहेत, वहिनी. शेपटीची खाच स्पष्ट दिसतेय."

वहिनी मघापासून त्याच्याकडेच बघत होती. तिनं वाळत घालायला उचललेला ओला शर्ट हळूच बादलीत ठेवला आणि म्हणाली, "घारी बघून तुमचा चेहरा कधी इतका खुलला नव्हता, भावजी."