वीतभर मागे

तिघी बहिणी एकाच माइकभोवती तीन सुरांत लोकगीतं गात. प्रत्येकीची जागा चिकटपट्टीने आखलेली. माइकजवळ असेल तिचा आवाज मोठा. मागच्या कार्यक्रमात लोकांनी धाकटीलाच डोक्यावर घेतलं, तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखत होतं. आज पडदा उघडण्याआधी तिने धाकटीची पट्टी गुपचूप वीतभर मागे चिकटवली. गाणं सुरू झालं. थोरली खणखणीत, धाकटी पुसट. पण तो पुसट सूर पकडायला सभागृह खोकला गिळून पुढे झुकलं आणि शेवटी धाकटीच्याच नावाचा गलका उठला. मध्यंतरात धाकटी थोरलीच्या गळ्यात पडली. “ताई, पट्टी तू हलवलीस ना? माझा आवाज कुठून खुलतो, ते तुलाच कळतं!” मधलीला हसू आवरेना. “ताईचा जीवच आहे तुझ्यावर.” “मग आणखी वीतभर मागे जाऊ?” धाकटीने विचारलं. “नको गं बाई,” थोरली कळवळून म्हणाली, “पुढेच ये!”