तळघरातला चर

गवंड्याने खडूची रेघ मधल्या भिंतीपलीकडे नेली, तसा धाकटा भाऊ पुढे झाला आणि त्याने ती चपलेने पुसून टाकली.

"पंपाचा खड्डा माझ्या बाजूला नको."

"बाहेरचं गटार त्याच बाजूला आहे, भाऊ," गवंडी म्हणाला. "भिंतीच्या कडेने चर झालाय. झिरपलेलं पाणी पाइपातून खड्ड्यात येणार, तिथून पंप बाहेर फेकणार. दुसरीकडे कुठे नेऊ?"

थोरला चरातच उभा होता, पोटऱ्यांपर्यंत गढूळ पाण्यात. त्याचं पुस्तकबांधणीचं यंत्र विटांवर चढवूनही तळाशी गंजलं होतं. तळघराच्या वाटणीत ओला भाग त्याच्याकडे आला होता, कोरडा धाकट्याकडे.

"हातभर जागा मागतोय," तो म्हणाला.

"त्यापेक्षा पोहायला शिक."

थोरल्याने हातातलं फावडं फिरवलं. ते धाकट्याच्या खांद्यावर बसलं. धाकट्याने पायाशी पडलेली पहार उचलून थोरल्याच्या गुडघ्यावर घातली, हाड वाजलं. दोघेही चरात कोसळले. थोरला वर आला तो धाकट्याच्या पाठीवर. त्याने त्याचे केस मुठीत धरले आणि तोंड पाण्यात दाबलं.

आधी हात आपटले, मग टाचा. पाण्यावर बुडबुडे आले. ते थोरल्याला दिसत होते. कितीतरी दिवसांनी त्याला हलकं हलकं वाटत होतं. टाचा थांबल्या तरी त्याने जोर कमी केला नाही.

गवंड्याने फावड्याचा दांडा त्याच्या पाठीत हाणला आणि बखोट धरून त्याला ओढून काढलं. मग धाकट्याला उचलून भिंतीशी टेकवलं. तो बराच वेळ चिखल ओकत राहिला.

गवंडी हत्यारं गोळा करू लागला. "मी पाण्यासाठी खड्डे खणतो, माणसं पुरायला नाही," एवढंच म्हणाला आणि जिना चढून निघून गेला.

वरून आईची हाक आली. "काय रे, काय पडलं?"

थोरल्याची मूठ अजून मिटलेलीच होती. उघडायला गेला तर बोटं ऐकेनात. धाकटा गुडघ्यांवर सरकत त्याच्यापाशी आला. त्याने ती बोटं एकेक करून सोडवली, आत चिकटलेले आपले केस काढले आणि पाण्यात टाकले.

"दादा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पाय घसरला म्हणून सांगू."